शिर्डी, साकोरी, अरणगाव : मेहेरबाबांच्या पंथाचा उगम आणि त्याची भाषा

नगर जिल्ह्याच्या वाङ्मयेतिहासाचा आलेख काढताना आपण नेवाशापासून आरंभ करतो. शके १२१२ मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' येतो, आणि अर्वाचीन काळात शिर्डीच्या निमित्ताने दासगणू व दाभोलकर यांच्या ओवीबद्ध रचनांची दखल घेऊन आलेख संपतो. नगर शहराच्या दक्षिणेस दौंडच्या वाटेवर अवघ्या आठनऊ किलोमीटरांवर असलेले अरणगाव मात्र या आलेखात येत नाही. विसाव्या शतकात ज्याचे अनुयायी अमेरिका-युरोप-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले, असा एक गूढवादी पंथ या गावाच्या माळावर उभा राहिला. त्याच्या संस्थापकाने सृष्टीच्या उत्पत्तीपासून आत्म्याच्या अंतिम अवस्थेपर्यंतचा एक सविस्तर सिद्धान्त मांडला. तरीही मराठीच्या अभ्यासकांना तो आपला विषय वाटलेला नाही.

या उपेक्षेचे कारण उघड आहे. मेहेरबाबांच्या पंथाचे प्रमाणग्रंथ इंग्रजीत आहेत. जे मराठीत नाही ते मराठी विभागाच्या कक्षेबाहेरचे, असा हिशेब आपण नकळत मांडतो. परंतु ज्या पंथाच्या गुरुपरंपरेतील पाचही व्यक्ती मराठी मुलखात वावरल्या, ज्याची कर्मभूमी नगर जिल्हा आहे आणि ज्याच्या आरंभीच्या अनुयायांत पुण्याच्या कसबा पेठेतील माणसे आहेत, त्याचा सिद्धान्त इंग्रजीत का अवतरला, हा प्रश्न मात्र निश्चितच आपल्या कक्षेतला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. पाश्चात्त्य शिष्य आले म्हणून भाषा इंग्रजी झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते उत्तर कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

प्रथम उगमाची हकीकत पाहू. मेरवान शेहेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. वडील इराणातील यझ्दकडचे जरथुष्ट्री; तरुणपणी ईश्वरशोधात दरवेशाप्रमाणे भटकून ते अखेर पुण्यात स्थिरावले होते. घरात फारसी आणि गुजराती, शाळेत (सेंट व्हिन्सेंट्स) इंग्रजी, रस्त्यावर मराठी व हिंदुस्तानी अशा बहुभाषिक छावणीच्या वातावरणात हा मुलगा वाढला. हाफिजच्या काव्याचे त्याला वेड होते. 'हुमा' या नावाने तो स्वतःही कविता करी. १९११ मध्ये त्याने डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. सायकलवरून जाता-येता वाटेत चार बावडी भागात कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध पठाण अवलिया स्त्रीशी त्याची गाठ पडली. जानेवारी १९१४ मध्ये तिने त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले, आणि पंथाच्या धारणेनुसार त्या क्षणी त्याचे सामान्य देहभान हरपले.

पुढील काळात मेरवान आणखी चौघांकडे गेला : केडगाव-बेटाचे नारायणमहाराज, नागपूरचे ताजुद्दीनबाबा, शिर्डीचे साईबाबा आणि त्या वेळी शिर्डीच्या खंडोबा मंदिराशी निगडित असलेले उपासनीमहाराज. साईबाबांनी त्याला पाहताच 'परवरदिगार' हा एकच शब्द उच्चारला, आणि उपासनींनी त्याच्या कपाळावर, बाबाजाननी चुंबन घेतलेल्या त्याच जागी, दगड भिरकावला, असे पंथाचे चरित्रकार सांगतात. चुंबनाने जे भान गेले ते दगडाने परत येऊ लागले, असा या प्रसंगाचा सांप्रदायिक अर्थ आहे.

या हकीकतीच्या ऐतिहासिकतेचा निवाडा करणे येथे प्रयोजन नाही. तिची साधने जवळजवळ सर्वस्वी शिष्यांच्या लेखनातील आहेत, आणि शिर्डीची परंपरा तिला दुजोरा देत नाही : 'श्रीसाईसच्चरिता'त मेरवानचा उल्लेख नाही. महत्त्वाची आहे ती हकीकतीची घडण. आपल्या संतपरंपरेत अनुग्रह म्हणजे बहुधा उपदेश. गुरू कानात मंत्र सांगतो, किंवा स्वप्नात येऊन सांगतो. तुकोबांच्या बाबतीतही स्वप्नातला मंत्रच आहे. येथे मात्र उगमाशी एक चुंबन आहे, एक दगड आहे, आणि दोहोंच्या मध्ये एकच फारसी शब्द आहे. सिद्धान्त नाही, मंत्र नाही, ग्रंथही नाही. म्हणजे मेहेरबाबांना गुरूंकडून अशी कोणतीही भाषा वारशाने मिळाली नाही, जी पुढे चालवणे त्यांचे कर्तव्य ठरले असते. पाच गुरूंची ही कल्पना वाचताना मराठीच्या अभ्यासकाला महानुभावांचे पंचकृष्ण आठवल्यावाचून राहत नाहीत. परंतु हे साम्य संख्येपुरतेच धरावे. पंचकृष्ण हे स्वतः परमेश्वराचे अवतार आहेत. येथील पाचजण 'सद्गुरू' किंवा सूफी परिभाषेत 'कुतुब' असून ते सहाव्याला, म्हणजे अवताराला, जगात आणतात. एकाकडून दुसऱ्याचे उसने घेतल्याचा पुरावा नाही.

या पाचांपैकी ज्यांच्यापाशी मेरवान खऱ्या अर्थाने राहिला ते उपासनीमहाराज. काशीनाथ गोविंद उपासनी यांचा जन्म १८७० मध्ये नाशिक जिल्ह्यातील सटाणे येथे एका शास्त्री घराण्यात झाला. आयुर्वेदाचा व्यवसाय करताना अमरावतीस त्यांनी 'भेषजरत्नमाला' नावाचे वैद्यकविषयक मासिकही चालवले होते. लेखणीची सवय असलेला, संस्कृत पचवलेला हा गृहस्थ श्वसनाच्या व्याधीने त्रस्त होऊन १९११ मध्ये शिर्डीस आला, आणि साईबाबांच्या आज्ञेने खंडोबाच्या देवळात हालअपेष्टांत राहिला. आज शिर्डीच्या आरतीत म्हटले जाणारे संस्कृत 'साईनाथमहिम्नस्तोत्र' त्यांचे आहे. लक्षावधी भाविक ते रोज म्हणतात. कर्त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. १९१७ मध्ये शिर्डीपासून पाचएक किलोमीटरांवरील साकोरीच्या स्मशानभूमीवर त्यांनी वस्ती केली. डिसेंबर १९२२ पासून वर्षाहून अधिक काळ त्यांनी स्वतःला बांबूच्या पिंजऱ्यात कोंडून घेतले, आणि त्या पिंजऱ्यातूनच जमलेल्या लोकांशी ते बोलत राहिले. त्या काळातील त्यांची मराठी प्रवचने भक्तांनी टिपून घेतली. 'उपासनी वाक्सुधा' या नावाने ती प्रसिद्ध आहेत. शास्त्रीय परिभाषा आणि घरगुती दृष्टान्त यांची त्यांतील सरमिसळ, वाक्यामागून वाक्य रचत मुद्दा ठोकून बसवण्याची धाटणी, ऐकणाऱ्याला न गोंजारणारा स्वर, हे सारे मराठी प्रवचनगद्याच्या अभ्यासकाने मुळातून पाहावे असे आहे. पुढे गोदावरीमातांच्या नेतृत्वाखाली वाढलेले, स्त्रियांना वेदोक्त कर्माचा अधिकार देणारे कन्याकुमारी स्थान ही साकोरीची दुसरी देणगी. ज्यांवर टीका झाली असे उपासनींचे आचारही या कथेत आहेत. परंतु तो स्वतंत्र विषय होय.

जुलै ते डिसेंबर १९२१ असे सहा महिने मेरवान साकोरीस होता. रात्री झोपडीत गुरुशिष्य एकत्र बसत. काय बोलणे होई ते कोणी टिपले नाही. वाक्सुधेचा काळ त्यानंतरचा आहे. म्हणजे ज्या बोलण्यातून मेहेरबाबा घडले, असे पंथ मानतो, ते बोलणे अलिखित राहिले, आणि जे लिहिले गेले ते इतरांसाठीचे होते. सहा महिन्यांच्या शेवटी उपासनींनी आपल्याजवळचे सर्व काही मेरवानला दिल्याचे सांगून काही शिष्यांना त्याच्याकडे जाण्यास सांगितले. गुस्तादजी हंसोटिया हे त्यांतले एक. नगरच्या गुलमाई इराणी यांचाही मार्ग साकोरीहूनच मेहेरबाबांकडे गेला. साकोरी आणि अरणगाव यांना जोडणारा दुवा म्हणून त्यांच्याकडे पाहावे लागते. अरणगावच्या वसाहतीस त्यांच्या कुटुंबाचेच पाठबळ लाभले.

१९२२ च्या आरंभी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्याजवळ एक झोपडी, मग मुंबईत दादरला 'मंझिल-ए-मीम' नावाच्या घरात कडक शिस्तीचा सामुदायिक निवास, आणि मे १९२३ मध्ये अरणगावचे पहिले आगमन, असा क्रम आहे. पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या सोडून दिलेल्या काही इमारती तेथे रेल्वेरुळालगत उभ्या होत्या. याच जागेचे मेहेराबाद झाले. १९२५ मध्ये तेथे धर्मार्थ दवाखाना निघाला, हजरत बाबाजान यांच्या नावाने शाळा निघाली, अस्पृश्य मानलेल्या मुलांना मेहेरबाबा स्वतः आंघोळ घालीत. अरणगावकरांना प्रथम जे भेटले ते हे : औषध, शाळा, जेवण आणि धुनी. शिर्डीच्या द्वारकामाईतील धुनी ज्यांना ठाऊक होती त्यांना अरणगावची धुनी समजावून सांगावी लागली नसणार. दर महिन्याच्या १२ तारखेस ती पेटवण्याची प्रथा पुढेही चालत राहिली. (बाबाजानचा, शिर्डीच्या गुरुस्थानाचा आणि मेहेराबादचा, तिन्ही ठिकाणचा वृक्ष कडुनिंबच असावा, हा योगायोग लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखा आहे.)

आणि याच वर्षी, १० जुलै १९२५ रोजी, मेहेरबाबांनी मौन धारण केले. ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे ४३ वर्षांहून अधिक काळ, ते बोलले नाहीत. आरंभी ते पाटीवर व कागदावर लिहीत. जानेवारी १९२७ मध्ये त्यांनी लिहिणेही सोडले आणि इंग्रजी मुळाक्षरे व अंक रंगवलेल्या फलकावर बोट फिरवून ते शब्द जुळवू लागले. जवळचा शिष्य ती अक्षरे वेगाने वाचून मोठ्याने सांगे. १९५४ च्या ऑक्टोबरात हा फलकही गेला आणि केवळ हस्तसंकेत उरले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या फलकापाशी आहे. मेहेरबाबांचा पहिला पाश्चात्त्य दौरा १९३१ चा. ज्या 'राजपुताना' जहाजावर त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली ते त्या वर्षीच्या सप्टेंबरातले. इंग्रजी फलक त्याच्या चार वर्षे आधीचा आहे. रामजू अब्दुल्ला यांची इंग्रजी दैनंदिनी १९२२ पासूनची. त्यांचेच 'सॉब्ज अँड थ्रॉब्ज' हे इंग्रजी पुस्तक १९२९ चे. त्याच वर्षी नाशिकहून निघू लागलेले 'मेहेर मेसेज' हे नियतकालिकही इंग्रजीच. तेव्हा पश्चिमेने या पंथाला इंग्रजी दिली नाही. पश्चिमेकडे जाण्यापूर्वीच तो इंग्रजीत लिहू लागला होता.

का? आरंभीच्या शिष्यांची नावे पाहावीत. गुस्तादजी पारशी, पेंडू, पाद्री इराणी, रामजू, डॉ. अब्दुल गनी मुन्सिफ मुसलमान. सदाशिव पाटील, अर्जुन सुपेकर, विष्णू देवरुखकर मराठी. बोलताना ही माणसे गुजराती, हिंदुस्तानी, मराठी अशी सहज बदलत असतील. बोलण्याला एका भाषेची सक्ती नसते. परंतु मौन आले आणि बोलण्याचे लिहिणे झाले. लिहिताना लिपी निवडावी लागते. देवनागरी निवडली तर काहींना परकी, गुजराती निवडली तर काहींना, उर्दू निवडली तर आणखी काहींना. शिवाय देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे बोटाने शब्द जुळवणे किती किचकट, हे कोणीही करून पाहावे. सव्वीस सुटी अक्षरे असलेली आणि कोणत्याही एका जमातीची नसलेली लिपी रोमनच होती. प्रस्तुत लेखकाच्या मते या पंथाची इंग्रजी ही प्रचाराच्या गरजेतून आलेली नसून मौनाचा आणि मिश्र शिष्यवर्गाचा तो अपरिहार्य परिणाम आहे. बोलणारे मेहेरबाबा बहुभाषिक होते. मौनाने त्यांना एकभाषिक केले.

तुलनेसाठी पुन्हा शिर्डी व साकोरीकडे पाहावे. साईबाबांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे त्रोटक, दख्खनी वळणाचे बोलणे गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी ओवीत बांधले. दाभोलकर १९२९ मध्ये निवर्तल्यानंतर 'श्रीसाईसच्चरित' ग्रंथरूपाने निघाले आणि एकनाथी भागवताच्या, गुरुचरित्राच्या शेजारी देव्हाऱ्यात जाऊन बसले. उपासनी मराठीतच बोलले आणि प्रवचनगद्यात उतरले. मेहेरबाबा बोललेच नाहीत, आणि एका इंग्रजी तत्त्वग्रंथात उतरले. एकाच जिल्ह्यात, सुमारे तीन-चार दशकांत, गुरूच्या शब्दाचा ग्रंथ होण्याच्या या तीन निरनिराळ्या वाटा आहेत. ओवीने साईबाबांमधील फकिराला पोथीच्या चौकटीत आणले. त्यात बरेचसे सूफी सुटले. फलकाने मेहेरबाबांना परिभाषा दिली. त्यात घर सुटले.

परिभाषा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते संपादक मात्र मराठी होते, ही गोष्ट विसरता येत नाही. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणारे डॉ. चक्रधर धरणीधर देशमुख यांनी मेहेरबाबांच्या टिपणांना सलग प्रबंधांचे रूप दिले. नोव्हेंबर १९३८ पासून निघणाऱ्या 'मेहेर बाबा जर्नल'मध्ये ते क्रमशः आले व पुढे 'डिस्कोर्सेस' म्हणून संकलित झाले. म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळांमधून केसोबासांनी चक्रधरस्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला. त्या कार्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. फरक इतकाच, की केसोबासांनी स्वामींचे मराठी शब्द जपले, आणि येथे जपायला शब्द नव्हते, अक्षरे होती. वाक्य संपादकाचे झाले. 'डिस्कोर्सेस'मधील तो नितळ, काहीसा प्राध्यापकी स्वर मेहेरबाबांचा किती आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाचा किती, हा प्रश्न अभ्यासकांनी अजून नीट विचारलेला नाही. १९२५-२६ च्या सुमाराच्या वह्यांवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'इन्फिनिट इंटेलिजन्स' शेजारी ठेवले, तर संपादनाने काय बदलते ते तपासता येईल. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या 'गॉड स्पीक्स'ची वाणी आणखी वेगळी आहे. त्यात दगड, धातू, वनस्पती, कृमी, मत्स्य, पक्षी, पशू, मानव असा जाणिवेचा चढ आणि पुढे सात भूमिकांतून परतीचा प्रवास मांडला आहे. सूफी, वेदान्ती आणि गूढवादी संज्ञांची समांतर कोष्टके त्यात दिली आहेत.

ही कोष्टके पाहताना शेख महंमदांची आठवण येते. नगर जिल्ह्यातच, तीनशे वर्षांपूर्वी, कादरी परंपरेतील एका सत्पुरुषाने भागवत आणि सूफी परिभाषा मराठी ओवीत एकजीव केली होती. कोष्टक मांडावे लागत नव्हते. एकाच ओवीत दोन्ही शब्द नांदत होते. मेहेरबाबांच्या भोवतालच्या मंडळींत तो वारसा कोणी जाणत असल्याची खूण त्यांच्या ग्रंथांत दिसत नाही. याचा दोष त्यांना देता येणार नाही. छावणीतल्या शाळांत 'योगसंग्राम' शिकवला जात नव्हता, आणि पेठांतल्या शाळांतही नव्हता.

मग मराठी कोठे राहिली? उत्तरेत हमीरपूरकडे केशव नारायण निगम यांच्या 'मेहेर चालिसा'सारख्या रचनांनी पंथाला हिंदी भक्तिरूप दिले. मेहेराबादला म्हटली जाणारी मेहेरबाबांची स्वतःची आरती गुजराती आहे. १९५४ मध्ये, म्हणजे अवतारत्वाची जाहीर घोषणा ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, नगरच्या वाडिया पार्कवर आणि गाडगेमहाराजांच्या पुढाकाराने पंढरपुरास त्यांच्या दर्शनाला मराठी माणसांची प्रचंड गर्दी झाली होती; तीत ग्रंथ वाचून आलेले किती असतील? मौनी बाबाला समजून घ्यायला त्या गर्दीला कोणतीच भाषा लागत नव्हती. गाडगेमहाराजांसारखा शब्दांनी झोडपणारा कीर्तनकार आणि शब्दच टाकून दिलेला हा पुरुष पंढरपुरात एकत्र यावेत, ही घटना आपल्या कीर्तनपरंपरेच्या इतिहासात नोंदली जायला हवी.

साकोरीशी असलेला संबंध १९२२ नंतर दीर्घकाळ तुटल्यासारखा होता. १७ ऑक्टोबर १९४१ रोजी दहिगाव येथे गुरुशिष्यांची पुन्हा भेट झाली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, २४ डिसेंबरला, उपासनींनी देह ठेवला. तिचा तपशील आज प्रामुख्याने मेहेरबाबांच्या बाजूने लिहिलेला मिळतो. भाऊ कलचुरी यांचे 'लॉर्ड मेहेर' हे बृहच्चरित्र ही घटना जेवढ्या विस्ताराने सांगते, तेवढ्याच बारकाईने साकोरीच्या मराठी साधनांचा शोध घेतल्यावाचून या भेटीबद्दल काही ठाम विधान करू नये.

इंग्रजी ग्रंथांतही मराठी मुलखाचे काही शब्द अनुवादाविना तसेच राहून गेले आहेत, आणि तेच सर्वांत बोलके आहेत. सृष्टी का झाली, या प्रश्नाला 'गॉड स्पीक्स'चे उत्तर 'लहर' असे आहे. इंग्रजीत त्यासाठी जो प्रतिशब्द दिला आहे त्यात नुसता स्वच्छंद आहे. पाण्यावरचा तरंग नाही. मराठी वाचकाला दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळतात, आणि ज्या सिद्धान्तात मूळ उपमाच अथांग सागराची आहे तेथे हा तरंग अर्थाचा अर्धा भाग आहे. तसाच शब्द 'मंडळी'. मेहेरबाबांच्या निकटच्या शिष्यवर्तुळाला जगभरच्या इंग्रजी पुस्तकांत हीच संज्ञा आहे. तेथे ती तांत्रिक झाली आहे. अमुक एक मंडळीपैकी होता किंवा नव्हता, यावर वाद होतात. शब्द हिंदी-गुजरातीतही आहे, पण तेथे तो बहुधा चमूचा, मेळ्याचा वाचक. 'घरची मंडळी', 'आमची मंडळी' म्हणताना मराठी माणूस ज्यांच्याबद्दल बोलतो ती बायकामुले, पाहुणे, पंक्तीला बसलेली माणसे त्या संज्ञेत अजून आहेत. मंझिल-ए-मीममध्ये आणि अरणगावच्या जुन्या छावणीत एकत्र जेवणाऱ्या, एकाच छताखाली निजणाऱ्या पारशी, मुसलमान आणि हिंदू माणसांना हा शब्द प्रथम कोणी लावला ते कोणत्याही दैनंदिनीतून निश्चित होईल असे वाटत नाही. तो लावताना ती संज्ञा होणार आहे असे मात्र कोणाच्याही मनात आले नसावे.